मुलांची वही आणि थोरांचा करार



व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र आले, तेव्हा आम्ही ते दोनदा वाचले. विषय होता 'प्राथमिक शाळेतील मुलांनी चालविलेले परिसराचे उपक्रम', आणि वक्ता म्हणून नाव आमचे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते रात्रशाळेत आणि युनियनच्या कचेरीतल्या दोन कपाटांच्या वाचनालयात. उमेदीची तीस वर्षे गेली ती गेटसभा, मागण्यांचे मसुदे आणि लेबर कोर्टाच्या तारखा यांत. असल्या माणसाने शिक्षणावर काय बोलावे? आम्ही चालकांना तसे स्पष्ट कळविले. त्यांचे उत्तर आले की, तुम्ही त्या वहीची हकीकत सांगा, तेवढे पुरे. ती सांगण्यासाठी आज आपल्यापुढे उभे आहोत. ती सांगायची म्हणजे आमची एक चूकही सांगावी लागणार. व्यासपीठावरून दुसऱ्यांच्या चुका सांगण्याची आम्हा पुढाऱ्यांना सवय असते, आपल्या सांगण्याची नसते. तेव्हा आपण थोडे सांभाळून घ्यावे.

गोष्ट २०१४ सालच्या दिवाळीनंतरची. आमच्या औद्योगिक वसाहतीला लागून नगरपालिकेची एक प्राथमिक शाळा आहे. सकाळची शाळा, मुले बहुतेक कामगारांची. शाळेच्या मागून एक नाला वाहतो आणि पुढे दीड-दोन किलोमीटरवर नदीला मिळतो. नाल्याच्या वरच्या अंगाला कापड रंगविण्याचा एक कारखाना. त्या कारखान्यात आमची युनियन.

चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासाचा तास चालू होता. धडा पाण्याचा. एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, आपल्या नाल्याचे पाणी रोज वेगळ्या रंगाचे असते." दुसरा म्हणाला, "खोटे. ते कायम काळेच असते." वर्गात दोन तट पडले. आता बहुतेक ठिकाणी काय होते? शिक्षक एकाला खरा ठरवितात, दुसऱ्याला खाली बसवितात आणि धडा पुढे चालू होतो. या बाईंनी निकाल दिला नाही. त्या म्हणाल्या, "भांडता कशाला? रोज बघा आणि लिहून ठेवा."

मुलांनी एक शंभर पानी वही केली. रकाने त्यांनीच आखले : वार, तारीख, वेळ, रंग, वास, फेस आणि लिहिणाऱ्यांची नावे. एकट्याने लिहायचे नाही, दोघांनी मिळून बघायचे आणि दोघांनी सही करायची, म्हणजे कोणी मनाचे लिहिणार नाही, हा नियमही मुलांचाच. बाईंनी आपला एकच नियम घातला, की नाल्यात कोणी उतरायचे नाही, पुलावरूनच बघायचे. पुलावरून दोरीने डबा सोडून त्या स्वतः पाणी काढीत. ते पाणी बाटलीत भरून, वर तारखेची चिठ्ठी चिकटवून, बाटली खिडकीत ठेवली जाई. एकदा प्रार्थनेनंतर आणि एकदा शाळा सुटताना, अशी दिवसातून दोनदा नोंद. असे चाळीस दिवस चालले.

चाळीस दिवसांनी मुलांनी वही चाळली तेव्हा दोन गोष्टी त्यांच्या ध्यानात आल्या. पहिली ही, की दोन्ही तट खरे होते. सकाळी पाणी तांबडे, निळे, हिरवे असे निरनिराळे असे. दुपारी ते काळपट होई. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शुक्रवारी सकाळी रंग कधीच नसे. असे का? आमच्या भागातील कारखान्यांना गुरुवारची सुटी असते, हे कामगारांच्या मुलांना सांगावे लागत नाही. गुरुवारी बाबा घरी असतात. गुरुवारी रात्री कारखाना बंद, म्हणून शुक्रवारी सकाळी रंग नाही. म्हणजे रंग कारखान्यातून येतो, आणि तो रात्रीच येतो. नऊ वर्षांच्या मुलांनी काढलेले हे अनुमान आहे. आम्ही कोर्टात पुष्कळ पुरावे मांडले आहेत. याहून चोख पुरावा फार थोड्या वेळा आमच्या हाती आला असेल.

मग ती मुले आमच्या कचेरीत आली. सहा मुले आणि बाई. कारखान्याच्या फाटकावर त्यांना कोणी आत घेतले नव्हते. मुलांमध्ये एक मुलगी होती, तिचे वडील रंगखात्यात आमचे सभासद. तिने वही टेबलावर ठेवली आणि विचारले, "काका, रंग रात्रीच का येतो?"

मंडळी, उत्तर आम्हाला ठाऊक होते. कारखान्यात सांडपाणी शुद्ध करण्याचे यंत्रघर होते. कामगार त्याला ईटीपी म्हणतात. ते दिवसा चाले. रात्री वीज आणि रसायने वाचविण्यासाठी ते बंद ठेवीत आणि व्हॉल्व्ह फिरवून पाणी थेट नाल्यात सोडीत. व्हॉल्व्ह फिरविणारा हात आमच्याच सभासदाचा. दोन वर्षांपूर्वी, २०१२ च्या वेतन कराराच्या वेळी, आमच्या मागणीपत्रात सतरा मागण्या होत्या. त्यांतली चौदावी ही, की यंत्रघर तिन्ही पाळ्यांत चालवावे आणि त्यासाठी माणसे नेमावीत. वाटाघाटीच्या शेवटच्या रात्री पगारवाढीचा आकडा थोडा वर सरकला आणि त्याच्या बदल्यात चौदावी मागणी खाली बसली. करारावर सही आमची. सकाळी गेटवर गुलाल उधळला गेला. चौदाव्या मागणीचे काय झाले, असे एकाही कामगाराने विचारले नाही, आणि आम्ही आपण होऊन सांगितले नाही.

त्या मुलीला आम्ही काय उत्तर दिले? आम्ही म्हणालो, "बाळांनो, हे थोरांचे काम आहे. तुम्ही आपला अभ्यास करा." मुलीने वही उचलली आणि म्हणाली, "काका, हाच अभ्यास आहे." खरेच होते ते. सरकारने पुस्तकाचे नावच 'परिसर अभ्यास' ठेवले आहे.

त्या रात्री झोप आली नाही. नंतरच्या काही आठवड्यांत, मिळेल ते आम्ही वाचू लागलो. मुलांनी असले काम आणखी कोठे केले आहे काय, ते कसे केले, आणि थोर लोक त्यांच्याशी कसे वागले, हे आम्हाला जाणून घ्यायचे होते. आपले उत्तर कितपत नीच होते, हे ताडून बघायचे होते म्हणा हवे तर.

वाचता वाचता सॉल्ट लेक सिटी हे नाव पुढे आले. अमेरिकेतील युटा राज्याची ही राजधानी. कामगार चळवळीतल्या माणसाला हे नाव एका दुःखद कारणाने ठाऊक असते. जो हिल नावाचा, स्वीडनमधून आलेला एक कामगार आणि गीतकार होता. त्याच्यावर खुनाचा खटला भरला गेला आणि १९ नोव्हेंबर १९१५ रोजी याच शहरात त्याला गोळ्या घालून देहदंड दिला गेला. मरणापूर्वी त्याने सहकाऱ्यांना कळविले होते, की शोक करण्यात वेळ घालवू नका, संघटना करा. त्याच शहरात सत्तर-बाहत्तर वर्षांनी काही शाळकरी मुलांनी, बहुधा जो हिलचे नावही ठाऊक नसताना, तोच उपदेश अमलात आणला.

त्या शहरात जॅक्सन नावाची एक प्राथमिक शाळा आहे. वस्ती गरिबांची. १९८७ च्या सुमारास बार्बरा लुईस या शिक्षिकेच्या वर्गातील मुलांना कळले की शाळेपासून हाकेच्या अंतरावर एका आवारात जुन्या पिंपांचा ढीग आहे. पिंपे किती? पन्नास हजारांच्या आसपास. त्यांत पूर्वी काय काय रसायने होती आणि त्यांतले काय जमिनीत मुरले असेल, हे वस्तीला माहीत नव्हते. मुले शेजारच्या घरोघर गेली. तुम्हाला हे ठाऊक आहे काय, तुमच्याकडे विहीर आहे काय, असे विचारीत फिरली. आरोग्य खात्याकडे त्यांनी विचारणा केली. तेथे त्यांना प्रथम जे उत्तर मिळाले त्याचा सारांश असा, की यात मुलांना करण्यासारखे काही नाही. आम्ही हे वाचले आणि पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. आपलेच वाक्य परक्या देशाच्या पुस्तकात छापलेले दिसले.

मुले थांबली नाहीत. त्यांनी पत्रे लिहिली, फोन केले, वर्तमानपत्रांना बोलाविले, शहराच्या महापौरांपुढे जाऊन आपली बाजू मांडली. महापौरांनी ऐकून घेतले आणि पिंपे हलविण्याचे काम मार्गी लागले. तेवढ्यावर मुलांचे समाधान होईना. पिंपे गेली तरी माती तशीच राहिली. त्यांनी सुमारे सत्तावीसशे डॉलर जमविले आणि ही रक्कम सफाईला द्यायची ठरविले. तेव्हा असे दिसून आले की अशा कामासाठी लोकांचा पैसा स्वीकारणारा निधीच राज्यात नाही. पैसे आहेत, घेणारा कायदा नाही. मग मुलांनी ठरविले, कायदा करून घ्यावा. ती कायदेमंडळात गेली, सभासदांना भेटली, त्यांच्यापुढे बोलली. आणि १९८७ साली युटाच्या कायदेमंडळाने धोकादायक कचऱ्याच्या सफाईसाठी असा निधी उभारण्याचा कायदा संमत केला. मतदानाचा हक्क मिळायला ज्यांना अजून बरीच वर्षे होती, त्यांनी कायदा करून घेतला.

आता ही हकीकत एखाद्या चमत्कारासारखी सांगता येईल. 'मुले म्हणजे देवाघरची फुले' वगैरे म्हणता येईल. आम्हाला तसे म्हणवत नाही. आम्हाला तीत चमत्कार दिसला नाही, ओळखीची कार्यपद्धती दिसली. कामगारांची कोणतीही संघटना काय करते? आधी माहिती गोळा करते, कारण माहितीवाचून केलेली मागणी पहिल्याच बैठकीत उडते. मग सर्वांना एकत्र बसवून एकमत करते. मग मागणी अशी मांडते की तिला 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर द्यावेच लागेल. आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडत नाही. सॉल्ट लेकच्या मुलांनी याच चार पायऱ्या चढल्या. आमच्या चौथीच्या मुलांनी तीन चढल्या होत्या. चौथ्या पायरीवर आम्ही आडवे बसलो होतो.

या कामात एक पाचवी गोष्टही लागते, ती म्हणजे दम. तिचे उदाहरण आम्हाला एव्हरेट नावाच्या गावी सापडले. हे गाव अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वॉशिंग्टन राज्यात आहे. याचीही ओळख आम्हाला आधी कामगार इतिहासातून झालेली. तेथे सीडर लाकडाची छपरासाठी फळकुटे कापण्याच्या गिरण्या होत्या. उघड्या करवतींवर कामगारांची बोटे जात, लाकडाच्या भुशाने छाती भरे. १ मे १९१६ रोजी त्या कामगारांनी संप केला. ५ नोव्हेंबर १९१६ रोजी त्यांच्या पाठिंब्यासाठी सिअ‍ॅटलहून बोटीने आलेल्या कामगारांची धक्क्यावर शेरीफच्या माणसांशी गाठ पडली आणि गोळीबार झाला. निदान पाच कामगार आणि दुसऱ्या बाजूचे दोघे मेले.

त्या एव्हरेटमध्ये पिजन क्रीक नावाचा एक ओढा आहे. योगायोगाने तेथल्या शाळेचे नावही जॅक्सनच. ओढ्यात पूर्वी सॅमन जातीचे मासे येत. गाव वाढले, ओढ्याची कचराकुंडी झाली आणि मासे येईनासे झाले. १९८० नंतरच्या दशकात या शाळेच्या मुलांनी तो ओढा दत्तक घेतला. कचरा बाहेर काढला, यात घाण टाकू नका म्हणून लोकांना विनविले, शाळेत काचेची टाकी ठेवून सॅमनची अंडी उबविली, आणि पिल्ले ओढ्यात सोडली.

या माशाची रीत मोठी विलक्षण आहे. कोहो जातीचा सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो. त्याला थंड आणि स्वच्छ पाणी लागते, आणि अंडी घालायला तळाशी खडी लागते. चिखलात अंडी गुदमरतात. वर्ष-दीड वर्ष ओढ्यात काढून तो समुद्रात जातो, तेथे मोठा होतो, आणि साधारण तिसऱ्या वर्षी आपल्या जन्मओढ्याच्या पाण्याचा वास ओळखून परत येतो, अंडी घालतो आणि मरतो. म्हणजे पिल्ले सोडणाऱ्या पाचवीच्या मुलाला निकाल त्या वर्षी कळणारच नाही. मासे परतायचे तेव्हा तो प्राथमिक शाळा सोडून गेलेला असणार. तोवर ओढ्यावर लक्ष ठेवायचे ते मागून आलेल्या वर्गाने. आणि मासे परत आले. मॉली कोन या लेखिकेने १९९२ साली 'कम बॅक, सॅमन' हे पुस्तक लिहून ही हकीकत जगापुढे ठेवली.

ही गोष्ट वाचताना आम्हाला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी हवी, ही मागणी त्यांनी १८८४ साली मांडली. रविवारची सुटी मिळाली १० जून १८९० रोजी. मध्ये सहा वर्षे गेली. त्या सहा वर्षांत किती कामगार म्हातारे होऊन गावी गेले असतील, किती वारले असतील! सुटी त्यांना मिळाली नाही, पण ती त्यांच्या सह्यांवरच मिळाली. आज आपण रविवारी घरी बसतो ते अशांच्या जोरावर. मागून येणाऱ्यासाठी काम चालू ठेवायचे, हा धडा लहानपणीच मिळाला तर त्याचे मोल मोठे आहे.

आता या विषयावर जे आक्षेप घेतले जातात त्यांकडे वळू.

पहिला आक्षेप असा, की हे सारे शिक्षकांचे नाटक असते, मुले नुसती बाहुली असतात. हा आक्षेप पुष्कळ ठिकाणी खरा आहे. आपण सर्वांनी तो समारंभ पाहिला आहे : पाच जूनला पाहुणे येतात, खड्डा आधीच खणलेला असतो, मुले टोप्या घालून उन्हात उभी असतात, पाहुणे झारीने पाणी घालतात, फोटो निघतो. पुढच्या पाच जूनला त्याच खड्ड्यात नवे रोप! रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने १९९२ साली युनिसेफसाठी लिहिलेल्या एका पुस्तिकेत मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग मानीतच नाही. मुलांचा वापर करणे, मुलांना शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते विचारणे, या त्या तीन. आम्हा युनियनवाल्यांना ही शिडी समजावून सांगावी लागत नाही. मालकाने स्वतः नेमलेली कामगार कमिटी आम्ही पाहिली आहे. तीत कामगार असतात, चहा असतो, इतिवृत्तही असते. नसतो तो एक निर्णय. तेव्हा खरे-खोटे ओळखायची कसोटी सोपी आहे. काय करायचे हे कोणी ठरविले? वही कोणाच्या हातची आहे? आणि मुलांनी विचारले त्याला उत्तर आले काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. थोरांनी घाण करायची आणि पोरांनी झाडू मारायचा, हा कुठला न्याय? हा आक्षेप आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. मुलाला नाल्यात उतरवून गाळ काढायला लावणे ही बालमजुरीच होय, मग तिला उपक्रम म्हणा की श्रमदान म्हणा. मुलांचे काम बघण्याचे, मोजण्याचे, विचारण्याचे आणि आपल्या ताकदीपुरते करण्याचे. शाळेतल्या गळक्या नळाखाली लिटरचे भांडे ठेवावे. ते दहा मिनिटांत भरले तर दिवसाचे किती? एकशे चव्वेचाळीस लिटर. हा गुणाकार चौथीच्या मुलाला येतो, आणि तो फळ्यावर लिहिला की मुख्याध्यापकांना प्लंबर बोलवावाच लागतो. नळ दुरुस्त करणे हे मुलांचे काम नव्हे, पण तो गळतो आहे हे कोणाला विसरू न देणे, हे काम ती आपल्यापेक्षा चांगले करतात.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या अर्जावर निकाल देताना, पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीने शिकविला जावा असे सांगितले. पुस्तके निघाली, परीक्षा झाल्या, गुण मिळाले. परंतु 'पाणी प्रदूषित होण्याची चार कारणे लिहा' या प्रश्नाचे उत्तर पाठ करणारा मुलगा आणि खिडकीतल्या चाळीस बाटल्यांकडे बघणारा मुलगा, यांत फरक आहे. पहिल्याला कारणे ठाऊक आहेत. दुसऱ्याला पत्ता ठाऊक आहे.

आणि तिसरा आक्षेप, तो आमच्याच घरातला. मुलांच्या आमच्या कचेरीतल्या भेटीनंतर महिन्याभराने आम्ही सभासदांची सभा बोलाविली. करार कसा झाला, चौदावी मागणी कशी गेली, ते सारे सांगितले. सभेत शांतता पसरली. मग मागून एक जुना कामगार उठला. म्हणाला, "भाऊ, पोरांचे ठीक आहे. उद्या मालकाने टाळे लावले तर पोरांना खायला काय घालू? नाल्याचे पाणी?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईत किती चुली विझल्या, हे आमच्या पिढीने लहानपणी पाहिले आहे. टाळे म्हणजे काय, हे कामगाराला कोणी शिकवायला नको.

आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तेवढ्यात यंत्रघरावर काम करणारा कामगार उभा राहिला. हा कधी सभेत बोललेला आम्ही पाहिला नव्हता. तो म्हणाला, "रात्री अकराला व्हॉल्व्ह मी फिरवतो. मला तसे सांगितलेले आहे. रात्रपाळीला त्या घरावर माणूस नेमला, तर ते चालेल. ते चालायला माणसे लागतात. माणसे मागा." एवढे बोलून तो खाली बसला.

मंडळी, आमच्या तीस वर्षांच्या कामात याहून शहाणे भाषण आम्ही ऐकलेले नाही. रोजगार आणि स्वच्छ पाणी ही एकमेकांची वैरी आहेत असे आम्ही धरून चाललो होतो. धरून चाललो म्हणजे तसे आम्हाला सांगण्यात आले होते आणि आम्ही ते तपासले नव्हते. भोपाळला २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू सुटला, तेव्हा आधी मेली ती कारखान्याशेजारची वस्ती. त्यानंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, फॅक्टरी कायद्यात ४१-ब हे कलम आले. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्याने त्या धोक्यांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांनाही द्यावी, असे त्यात म्हटले. कामगार आणि शेजारी एकाच वाक्यात आले. आम्ही हे कलम कितीदा तरी वाचले होते. त्यातला शेजारी म्हणजे आपलीच चौथीतली मुले, हे ध्यानात यायला वही यावी लागली.

पुढच्या वाटाघाटीत आम्ही ती वही टेबलावर ठेवली. व्यवस्थापनाने विचारले, "हा कोणत्या प्रयोगशाळेचा अहवाल?" प्रश्न रास्त होता. वही म्हणजे रासायनिक तपासणी नव्हे. वहीने इतकेच सांगितले, की नमुना कोणत्या वेळी घ्यावा. त्याआधी सरकारी नमुने घेतले जात ते दुपारी. आता आमच्या अर्जावरून पहाटे सहाला घेतला गेला, आणि मग फार वाद राहिला नाही. २०१५ च्या मार्चमध्ये झालेल्या करारात यंत्रघर तिन्ही पाळ्यांत चालविण्याचे कबूल झाले आणि त्यासाठी दोन माणसे कायम नोकरीत घेतली गेली. कारखान्याला टाळे लागले नाही.

यावरून नाला स्वच्छ झाला असे मात्र समजू नका. रंग गेला. तो गेल्यावर आधी जे दिसत नव्हते ते दिसू लागले. वही दर वर्षी चौथीचा वर्ग पाचवीला जाताना मागच्या वर्गाच्या हवाली करतो. रंगाचा रकाना रिकामा राहू लागला, तेव्हा मुलांनी नवा रकाना आखला : 'पुलाखालून दहा मिनिटांत गेलेल्या पिशव्या.' २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. काही महिने आकडा उतरला, मग पुन्हा चढला. त्या पिशव्या कारखान्याच्या नाहीत. त्या आमच्या कामगार वस्तीच्या आहेत. त्या पुढच्या वर्षी चौथीची मुले पुन्हा आमच्या कचेरीत आली. बाई त्याच, मुले नवी. त्यांनी अर्ज लिहून आणला होता. मजकूर असा, की तुमच्या वस्तीत ओला-सुका कचरा वेगळा गोळा होत नाही, तो केव्हापासून होईल ते तारखेसह कळवावे. खाली सदतीस सह्या.

आजवर दुसऱ्यांना मागणीपत्रे देत आलो, आता मागणीपत्र आमच्यावर आले. मालकाच्या खुर्चीत बसल्यावर माणसाला काय वाटते, हे त्या दिवशी आम्हाला कळले. पहिला विचार आला तो हाच, की सवड नाही, नंतर बघू. मग त्या पहिल्या मुलीचे शब्द आठवले. आम्ही वस्तीची सभा लावली आणि मुलांना तारीख कळविली. त्या तारखेला काम सुरू झाले. ते अजून अर्ध्याच चाळींत नीट चालते, आणि ते अर्धेपण मुलांनी वहीत लिहून ठेवले आहे.

तेव्हा शेवटी आपल्याला एकच विनंती. आपल्या गावच्या, आपल्या पेठेतल्या शाळेत कोठे ना कोठे अशी वही असेल. नसली तर एखादे मूल ती सुरू करायच्या बेतात असेल. तिच्यावर शाबासकीचा शेरा मारून ती परत देऊ नका. मुलांना शाबासकीची भूक असते, पण त्यांनी शाबासकी मागितलेली नसते, उत्तर मागितलेले असते. एखाद्या कामगाराच्या अर्जाला आपण जसे लेखी, तारीखवार, सहीनिशी उत्तर मागतो, तसे मुलांच्या अर्जाला द्या. 'होय' म्हणता येत नसेल तर 'नाही' म्हणा आणि कारण सांगा. 'हे थोरांचे काम आहे' असे मात्र म्हणू नका. ते थोरांचे काम आहेच. थोरांनी ते केले असते तर मुलांना वही घालावी लागली नसती.